सहा वाजता न पाहिलेली नळी

वीरण्णा मठपतींबद्दल बोलायला बसले की आमच्या लॅबमधल्या पोरी म्हणतात, "दामिनीताई, आधी पाणी प्या." कारण मी तापते. राग माझ्या नाकावरच असतो, सगळ्या लातूरला माहीत आहे. पण या माणसाबद्दल बोलताना राग नेमका कुणाचा येतो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांचा येतो, माझा येतो, आणि मधूनच त्या मेल्या जंतूचा येतो.

अण्णा शिरूर अनंतपाळचे. लातूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून एकतीस वर्षं काढली, आणि एकतीस वर्षं रोज एसटीनं जा-ये केली. लातूरला खोली घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आई तिथं एकटी, अन् मला घरची भाकरी लागते." उंच, काटकुळे, कपाळाला विभूती, एप्रनच्या आत गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. लॅबमध्ये ते कधी खुर्चीवर बसलेले मी बघितले नाहीत. अक्षर असं की बाटलीवरचं लेबल पुसायला जिवावर यायचं. आणि कंजूष! कुणाच्या रक्तातून निघालेला एकही जंतू ते फेकायचे नाहीत. छोट्या बाटलीत जंतू वाढवायच्या मऊ खाद्यावर लावायचे, तोंड मेणानं बंद करायचे, नंबर टाकायचे आणि फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ठेवून द्यायचे. आम्ही त्या कप्प्याला अण्णांचं लोणचं म्हणायचो.

मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी मूळची अर्धापूरची, आमचं घर केळीवाल्यांचं. डिप्लोमा करून आले तेव्हा मला वाटायचं मला सगळं येतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली. "काय दिसतंय?"

"स्टॅफिलोकोकस. द्राक्षाच्या घडासारखे."

"कुठलं घराणं?"

 मग त्यांनीच सांगितलं. या जंतूत ढोबळ दोन घराणी. एक तुमच्या आमच्या कातडीवर जन्मभर राहतं, बहुतेकदा कुणाचं काही बिघडवत नाही. सुई टोचताना चुकून रक्ताच्या बाटलीत येतं, आलं तर पाहुणा म्हणून सोडून द्यायचं. दुसरं घराणं फोड करतं, पू करतं, आणि रक्तात शिरलं की चांगलं धट्टंकट्टं माणूस चार दिवसांत नेतं. दिसायला दोन्ही एकच. मग ओळखायचं कसं? तर रक्तातला पिवळा पाण्यासारखा भाग असतो ना, प्लाझ्मा, तो याला पाजायचा. घातकी घराण्यातला असेल तर प्लाझ्मा गोठवतो. काचेवर केलं तर दहा सेकंदांत कण धरतात, पण दहातला एखादा घातकी काचेवर फसवतो. म्हणून नळीत करायचं. नळी इनक्युबेटरच्या कपाटात शरीराच्या उबेला ठेवायची, तासातासाला तिरकी करून बघायची. विरजण लागल्यासारखा प्लाझ्मा धरला की समजायचं, हा तो.

"आणि कितीदा बघायचं?" त्यांनी विचारलं होतं.

"चार तासांपर्यंत, मग दुसऱ्या दिवशी सकाळी."

"शाब्बास," म्हणाले. पण खरं सांगते, चार तासांनी आमच्याकडे कुणीच बघायचं नाही. त्याला कारण एसटी. सकाळी ओपीडीची झुंबड, तिच्यातून हात मोकळे होऊन नळ्या लागायच्या दुपारी एक-दोनला. चार तास भरायचे सहाच्या सुमाराला, आणि अण्णांची गाडी साडेपाचची. मग "सकाळी बघू." होता होता तोच आमच्या लॅबचा कायदा झाला. हजार नळ्या आम्ही अशा सकाळी बघितल्या असतील आणि त्यातल्या बहुतेक बरोबरच निघाल्या असतील. बहुतेक.

आता त्या दिवसाचं सांगते. पाणी नको मला.

सहा-सात वर्षं झाली. महाशिवरात्रीच्या आदला दिवस. गावात सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी, एसटीला पाय ठेवायला जागा नाही. आणि लॅबमध्ये माझा आणि अण्णांचा अबोला चाललेला, आठवा दिवस. कारण ऐकलंत तर हसाल. शिकाऊ पोरांसमोर त्यांनी मला झापलं होतं की मी जंतू उचलायची तारेची लूप नीट लाल होईपर्यंत तापवली नाही. मी म्हटलं, "तुमच्या हाताखाली कुणी टिकत नाही ते उगाच नाही." झालं. तेव्हापासून ते फ्रिजशी बोलायचे, मी कपाटाशी. "कुणीतरी लघवीचे नमुने उघडे ठेवलेत वाटतं," असं ते फ्रिजला सांगायचे. "कुणाला हात आहेत का न्हाईत," असं मी कपाटाला सांगायचे. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसायची. तसं आमच्या भागात सासू-सुना एका चुलीवर वर्ष-वर्ष असं काढतात, त्यात नवल ते काय.

त्या दिवशी जळकोट तालुक्यातल्या एका पोरीचं रक्त होतं. तनुजा, वय अकरा. गुडघ्याला फोड आलेला, मग ताप, मग कंबरेत दुखणं, आणि आता माणसं ओळखेना. रक्ताच्या बाटलीत जंतू वाढलेला. अण्णांनी काच बघितली, घड दिसले. प्लेटवरची वाढ पांढरी होती, घातकी घराण्याची बहुतेकदा असते तशी सोनेरी नव्हती. काचेवर प्लाझ्मा लावला, कण धरले नाहीत. दुसरा कुणी असता तर तिथंच "साधा जंतू" लिहून मोकळा झाला असता. अण्णांनी दोन वाजता नळी लावली.

साडेचारला त्यांनी एप्रन काढला, यात्रेच्या गर्दीमुळं लवकर निघायचं होतं. इनक्युबेटरमधली नळी तिरकी करून बघितली, अजून पातळच होती, आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "कुणी थांबणार असेल तर सहा वाजता ही नळी बघावी."

मी लेबलं चिकटवत होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी लेबलांना सांगितलं, "ज्याची नळी त्यानं बघावी."

ते पण त्यांना ऐकू गेलं. त्यांनी एप्रन खुंटीला लावला. मग गेले.

मी सव्वासहाला निघाले. इनक्युबेटर दाराला लागून आहे. पर्स खांद्याला लावताना माझं कोपर त्याच्या कडीला लागलं, एवढ्या जवळून मी गेले. उघडायचं, नळी तिरकी करायची, बस्स. दहा सेकंदांचं काम. मी केलं नाही. मी मनात म्हटलं, मी काय "कुणी" आहे का? माझ्या नावानं सांगायला यांची जीभ झडती का?

सकाळी अण्णा उपाशीपोटी आले, सुट्टी असून आले. नळी तिरकी केली. प्लाझ्मा पाण्यासारखा वाहिला. त्यांनी लिहिलं, कातडीवरचा साधा जंतू, बहुधा सुई टोचताना आलेला. वॉर्डात फोनही केला. तिथल्या डॉक्टरांनी या जंतूवरचं इंजेक्शन बंद केलं आणि मेंदूज्वराच्या मागं लागले. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली.

तेराव्यानंतर तिचा बाप कागद न्यायला आला. किशनराव त्यांचं नाव. दाढी वाढलेली, टोपी हातात. अण्णांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला. किशनरावांनी विचारलं, "सायेब, रगतात काय निघालं?"

"रक्त साफ होतं," अण्णा म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता.

"म्हंजे आजार न्हवता?"

"रक्तात तरी नव्हता."

किशनरावांनी कागदाची घडी केली, छातीच्या खिशात ठेवली आणि चहा न पिता गेले.

त्या वाक्याचं गावात काय झालं ते आम्हाला दोन-तीन महिन्यांनी कळलं. त्याच गावची एक बाई तपासणीला आली होती, तिनं सांगितलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय आजार नव्हता, मग पोरगी मेली कशानं? करणीनं. आणि केली कुणी? तर पोरीच्या चुलतीनं, सिंधूनं. का, तर पोरगी आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती तिची वेणी घालत बसली होती. सिंधूच्या नवऱ्यानं, बजरंगनं, तिला शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारच्या खोपटात, नेऊन ठेवली. गावात यायचं नाही, कुणाच्या उंबऱ्याला शिवायचं नाही.

अण्णा किती चिडले होते तेव्हा! दर वर्षी नवी पोरं आली की त्यांना ही गोष्ट सांगायचे. "बघा, कागद आपण द्यायचा विज्ञानाचा आणि हे अडाणी लोक त्याचं काय करतात." मीही सूर मिळवायचे, "डोंबलाचं विज्ञान, यांना भगतच पाहिजे." सहा वर्षं आम्ही दोघं ही गोष्ट अशी सांगत होतो.

मग नांदेडहून डॉ. रविकिरण आले. त्यांना प्रबंध करायचा होता, घातकी स्टॅफिलोकोकस ओळखायच्या तपासण्यांची तुलना. काचेवरची, नळीतली, माणसाच्या प्लाझ्मावरची, सशाच्या प्लाझ्मावरची, तयार किटची, आणि जंतू डीएनए विरघळवतो का ते दाखवणारी प्लेट. कोणती किती वेळा खरं बोलते ते बघायचं. त्यासाठी जुने जंतू पाहिजे होते आणि अण्णांचं लोणचं त्यांना खजिना वाटला. प्रबंध डॉक्टरांचा, हात आमचे, हे काय नवीन सांगायला नको. अण्णा निवृत्तीला आलेले, म्हणून तासातासाला नळ्या बघायचं काम माझ्याकडं आलं. रविकिरणांनी तक्ताच छापून आणला होता. एक तास, दोन तास, चार तास, चोवीस तास. आमच्या लॅबमध्ये नळी चार तासांनी बघायची वेळ पहिल्यांदाच आली म्हणा ना.

एकशे सतरा नंबरची नळी दोन तासांनी पातळच होती. चार तासांनी मी ती तिरकी केली, हलली नाही. उलटी केली, तरी हलली नाही. मला आनंद झाला, खरंच, काचेवर फसवणारा एक सापडला म्हणून. मी तक्त्यात लिहिलं आणि जुनं रजिस्टर काढलं. एकशे सतरासमोर अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, तनुजा, वय अकरा.

मी कुणाला बोलले नाही. नळी परत ठेवली, म्हटलं एक सकाळ होऊ दे. सकाळी बघितली तर पाणी. गोठलेलं सगळं विरघळून गेलेलं. काही घातकी जंतू असे असतात, आधी प्लाझ्मा गोठवतात आणि मग रातोरात तोच विरघळवतात. संध्याकाळी बघाल तर सापडतील, सकाळी बघाल तर साधू. पुस्तकात लिहिलेलं आहे. अण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं.

मी नळी त्यांच्या हातात दिली आणि नंबर सांगितला. त्यांनी रजिस्टर बघितलं नाही. बघायची गरजच पडली नाही.

"चार तासांनी?" त्यांनी विचारलं.

"घट्ट होती, अण्णा. उलटी केली तरी पडली नाही."

त्यांनी स्वतः तीनदा परत लावली, वेगवेगळ्या प्लाझ्मावर. तिन्ही वेळा संध्याकाळी घट्ट, सकाळी पाणी. डीएनएच्या प्लेटवरही त्यानं स्वच्छ कडं पाडलं, किटवरही धरलं. फक्त काचेवर आणि सकाळच्या नळीत तो साधू होता, आणि आम्ही नेमक्या त्याच दोन जागी बघितलं होतं. रविकिरण खुशीत म्हणाले, "फार सुंदर केस आहे, स्वतंत्र पेपर होईल." मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, अकरा वर्षांची होती ती. तोंड सांभाळा." ते बिचारे पांढरे पडले. त्यांना काय माहीत?

आता अण्णा त्या दिवशी भिंतीला सांगितलेलं काढतील, मी वाट बघत होते. आज काढतील, उद्या काढतील. "दामिनी, मी त्या दिवशी सांगितलं होतं" एवढंच म्हटलं असतं तरी मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी काढलं नाही. एकदाही नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मला जे छळलं ते शंभर शिव्यांनी छळलं नसतं.

आणि ते स्वतः? माणूस झपाटल्यासारखा झाला. हातात येईल ते तिरकं करून बघायचे. चहाचा कप ओठाला लावायच्या आधी तिरका करायचे, पाण्याचा पेला तिरका करायचे, औषधाची बाटली तिरकी करायचे. कपडे भिजायचे, लक्ष नसायचं. रोज सहाला त्यांचा फोन यायचा, "नळ्या बघितल्या का गं?" रविवारी सुद्धा, लॅब बंद असताना सुद्धा. एकदा म्हणाले, "गाडीत मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, सायेब, रगतात काय निघालं? मी मागं बघत नाही." मी म्हटलं, अण्णा, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, "ती पोरगी मी बघितली पण नाही. तिचा चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं. मला नळीच दिसती."

मला काय दिसायचं ते मी त्यांना सांगितलं नाही. सहाच्या पुढं मी त्या दाराजवळ उभी राहू शकायची नाही. कोपर दुखायचं. हाडाबिडाचं काही नव्हतं, तपासून घेतलं.

ट्रस्टच्या व्यवस्थापकांना अण्णांनी सांगून बघितलं, त्या कुटुंबाला दुरुस्त कागद देऊ. ते म्हणाले, "मठपती, जुनी मढी उकरू नका. निवृत्तीला दोन महिने राहिलेत." अण्णा घरी गेले नाहीत, माझ्याकडं आले. "दामिनी, पोरगी गेली ती काही येत नाही. वाचली असती असंही छातीठोक सांगता येत नाही. पण ती बाई अजून आखाड्यावर आहे." मग खाली बघून म्हणाले, "मला एकट्याला जायची हिंमत होईना."

रविवारी आम्ही उदगीरवरून जळकोटला गेलो, तिथून जीपनं गावात. किशनराव घरीच होते. केस पिकलेले, पण मी ओळखलं. अण्णांनी हात जोडले आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नळी काय, गोठणं काय, सकाळी विरघळणं काय, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "रक्तात आजार होता. कागद चुकला. मी चुकलो."

किशनराव आत गेले आणि तो कागद घेऊन आले. लॅमिनेशन करून ठेवलेला. सहा वर्षं जो येईल त्याला दाखवलेला, पंचायतीत दाखवलेला, बजरंगच्या सासरवाडीला दाखवलेला. अण्णांनी खिशातून पेन काढलं आणि त्यावर दुरुस्ती लिहायला गेले. प्लॅस्टिकवर शाई धरेना. परत परत गिरवत राहिले. शेवटी किशनरावांनी त्यांच्या हातातून कागद हळूच काढून घेतला.

"पोरगी घरात पडली व्हती तवा तिची काकूच रात सारी पाय दाबत बसायची," किशनराव म्हणाले. "अन् म्या तिला हातानं धरून भाईर काढली." त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. मग म्हणाले, "चला. तुमीच सांगा तिला. माझ्यानं न्हाई व्हनार."

आखाडा गावापासून दीड-दोन किलोमीटरवर. वाटेत किशनरावांनी सांगितलं, सिंधूची लेक बाळंतपणाला आली होती. पहिलं बाळंतपण, माहेरी यायची रीत, पण आईच्या हाताखाली कोण ठेवणार? ती किशनरावांच्या घरात बाळंत झाली. मुलगी झाली. तीन महिने झाले, सिंधूनं नातीचं तोंड बघितलेलं नव्हतं. "आमी नेलं न्हाई," म्हणाले, "अन् तिनं पन मागितलं न्हाई."

सिंधू गोठ्याशी शेण काढत होती. चाळिशीची असेल, दिसायला साठीची. आम्हाला बघून तिनं पदर डोळ्यांवर इतका खाली ओढला की नाकच काय ते दिसावं. किशनराव विहिरीपाशीच थांबले, पाठ करून. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडून. सगळं परत सांगितलं, तिला समजेल असं. फोडातला जंतू रक्तात गेला होता. तपासणीत तो सापडला असता, पण आम्ही वेळेवर बघितलं नाही. करणी नव्हती. तुमचा काही दोष नव्हता.

ती ऐकत होती की नाही ते कळेना. मग पदराच्या आतून म्हणाली, "माजी नजर लागली व्हती, सायेब."

"नाही, बाई. नजर नाही."

"म्या येनी घालताना म्हनले व्हते, तनू, किती गं देखनी दिसतीस. तोंडातून निगून गेलं. दुसऱ्या दिशी ताप." तिचा आवाज अगदी साधा होता, रोजचा. "लोक म्हनले तवा म्या लई भांडले. मंग इथं एकली बसून बसून वाटाया लागलं, खरंच आसल. तवापून म्या लेकराकडं बगत न्हाई. वाटंनं कुनाचं लेकरू आलं की डोळे मिटून घेती."

अण्णांचा हात हवेत तिरका झालेला मी बघितला, जशी नळी धरतात तसा. मग मला राहवलं नाही.

"बाई, ऐका," मी म्हटलं. "हे म्हणतात चूक यांची. अर्धं खोटं आहे. यांनी मला सांगितलं होतं सहा वाजता बघ म्हणून. मी ऐकलं आणि बघितलं नाही. आमचा अबोला होता. रागात होते मी. दहा सेकंदांचं काम होतं."

अण्णा म्हणाले, "दामिनी, राहू दे."

"काय राहू दे? सहा वर्षं राहू दिलं तेवढं पुरे झालं!" मी ओरडलेच. मी रडत होते आणि मला माझीच चीड येत होती.

सिंधूनं पदर थोडा वर केला. माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "आबोला? किती दिस व्हता?"

"आठ दिवस."

"माज्यासंगं सा वर्सं कुनी बोललं न्हाई, ताई."

मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती झटकन मागं सरली. तिला कुणी शिवायची सवय राहिली नव्हती.

मग तिनं आम्हा दोघांच्या मधून विहिरीकडं आवाज दिला. "दादा."

किशनराव वळले नाहीत.

"मंग म्या बगू का तिला? नातीला?"

किशनरावांचे खांदे हलायला लागले. पाठ तशीच ठेवून ते म्हणाले, "तुजीच नात हाय, सिंधू. मला काय इचारतीस. चल."

ती निघाली. चार पावलं चालली आणि थांबली. "थांबा जरा," म्हणाली. हौदाशी गेली, वाकली आणि डोळ्यांवर पाणी मारायला लागली. आधी ओंजळीनं, मग साबणाची वडी घेऊन. चोळून चोळून, पापण्या उलट्या करून, परत पाणी, परत साबण. डोळे लाल झाले तरी थांबेना. "काई लागलेलं नगं ऱ्हायला," म्हणत होती.

अण्णा जवळ गेले. "बाई, डोळ्यांत काही नाही. मी सांगतो ना, काही नव्हतं."

"हाव, सायेब," ती म्हणाली आणि तिनं परत साबण घेतला.